चौघांच्या संघात फ्रँक्स: एका पक्षाचे बळ नेमके कुठे असते?

'एज ऑफ एम्पायर्स २' हा युद्धखेळ १९९९ साली आला आणि त्याच्या बरोबरीचे बहुतेक खेळ विस्मरणात गेल्यानंतरही तो टिकून राहिला. २०१९ साली त्याची 'डेफिनिटिव्ह एडिशन' ही नव्याने घडवलेली आवृत्ती निघाली. २०२२ साली तर 'रेड बुल वोलोलो' या स्पर्धेचा मोठा सोहळा जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या खऱ्याखुऱ्या किल्ल्यात झाला. तेव्हापासून यूट्यूबवर या खेळाचे सामने पाहणाऱ्यांत असे कितीतरी जण आहेत, ज्यांनी तो स्वतः कधी खेळलेला नाही. एकास एक सामना त्यांना थोडाफार कळतो. चार विरुद्ध चार असा सामना सुरू झाला, पडद्यावर आठ रंगांच्या फौजा धावू लागल्या आणि समालोचक 'फ्रँक्स हातात असून पॉकेट झोपला' असे काही म्हणू लागला, की मात्र नवा प्रेक्षक गोंधळतो. फ्रँक्स चांगले असतील तर ते हरले कसे, आणि पॉकेट म्हणजे काय?

या लेखात मी फ्रँक्स हा एकच पक्ष घेऊन सांघिक सामन्यात तो चांगला खेळणे म्हणजे काय, हे उलगडून सांगणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की पक्षाला मिळालेली सवलत ही बहुतेक वेळा शक्तीची नसते, ती वेळेची असते, आणि तो वाचलेला वेळ साथीदाराच्या कामी आला नाही तर त्या सवलतीला संघाच्या लेखी काही किंमत उरत नाही.

खेळ चालतो कसा?

हा 'रिअल टाइम स्ट्रॅटेजी' प्रकारातला खेळ आहे. बुद्धिबळासारख्या आळीपाळीने चाली इथे नसतात. दोन्ही बाजूंचे खेळाडू एकाच वेळी, न थांबता खेळत असतात आणि तुम्ही विचार करत बसलात म्हणून घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही. सुरुवातीला प्रत्येकाकडे एक टाउन सेंटर म्हणजे गावाची मुख्य इमारत, तीन गावकरी आणि टेहळणीसाठी एक घोडेस्वार असतो. गावकरी अन्न, लाकूड, सोने आणि दगड ही चार साधने गोळा करतात. त्या साधनांतून इमारती उभ्या राहतात, इमारतींतून सैन्य निघते आणि पुरेसे अन्न-सोने साठले की पुढच्या युगात जाता येते. युगे चार आहेत: डार्क, फ्यूडल, कॅसल आणि इम्पिरिअल. फ्यूडल युगाला ५०० अन्न लागते. कॅसल युगाला ८०० अन्न आणि २०० सोने. इम्पिरिअल युगाला १००० अन्न आणि ८०० सोने.

पक्ष म्हणजे इथे 'सिव्हिलायझेशन', खेळाडूंच्या बोलण्यात 'सिव्ह'. १९९९ साली असे १३ सिव्ह होते, आज ४० हून अधिक आहेत. सगळ्यांचा पाया सारखाच असतो. गावकरी, शेते, धनुर्धर आणि भालाईत बहुतेकांकडे असतातच. फरक असतो तो काही सवलतींचा, एखाद्या खास सैनिकाचा आणि काही गोष्टी मुळीच न मिळण्याचा. ही शेवटची बाब नवे खेळाडू विसरतात, आणि पक्षाची खरी ओळख पुष्कळदा तिच्यातच असते.

फ्रँक्सना काय मिळते आणि काय मिळत नाही?

फ्रँक्स हा घोडदळाचा सिव्ह. त्यांच्या घोडेस्वारांचे प्राणगुण, म्हणजे मरण्याआधी किती मार सोसता येतो त्याचा आकडा, फ्यूडल युगापासून २० टक्क्यांनी जास्त असतात. शेतीच्या सुधारणा त्यांना फुकट मिळतात, झुडपांवरची फळे ते लवकर गोळा करतात आणि किल्ले त्यांना स्वस्त पडतात. वीस टक्के हा आकडा ऐकून कुणालाही वाटेल की फ्रँक्सचे नाईट, म्हणजे चिलखती घोडेस्वार, इतरांपेक्षा सरळसरळ दणकट असणार. इथेच पहिली मेख आहे.

साध्या नाईटाचे प्राणगुण १०० असतात, म्हणजे फ्रँक्सचे १२० झाले. पण घोडदळ खेळणाऱ्या इतर बहुतेक सिव्हना पागेत 'ब्लडलाइन्स' नावाचे संशोधन करता येते. त्याने प्रत्येक घोडेस्वाराला २० प्राणगुण वाढवून मिळतात. फ्रँक्सना ते संशोधन उपलब्धच नाही. म्हणजे कॅसल युगात समोरच्याने ब्लडलाइन्स करून घेतले, की त्याचा नाईटही १२० आणि फ्रँक्सचाही १२०. दोघांत तसूभर फरक उरत नाही. फ्रँक्सचे जे वाचले ते ब्लडलाइन्सची किंमत, म्हणजे १५० अन्न आणि १०० सोने, आणि त्या संशोधनाला लागणारे ५० सेकंद.

फ्यूडल युगातला टेहळणी घोडेस्वार पाहिला तर चित्र आणखी स्पष्ट होते. त्याचे मूळ प्राणगुण ४५. फ्रँक्सकडे ते ५४ होतात, पण ब्लडलाइन्स केलेल्या शत्रूकडे ६५. म्हणजे फ्रँक्सचा हा हलका घोडेस्वार वरचढ असतो तो शत्रूचे संशोधन पूर्ण होईपर्यंतच. त्यानंतर तो चक्क कमकुवत ठरतो. दुसऱ्या टोकाला, सामना इम्पिरिअल युगात पोचून नाईटांचे पॅलाडिन झाले, की फ्रँक्सच्या पॅलाडिनचे प्राणगुण १९२ असतात आणि ब्लडलाइन्सवाल्याच्या पॅलाडिनचे १८०. तिथे पुन्हा फ्रँक्सचे पारडे जड.

शेतीचेही असेच आहे. फ्यूडल युगातली शेतीची पहिली सुधारणा इतरांना ७५ अन्न आणि ७५ लाकूड देऊन घ्यावी लागते. कॅसल युगातली दुसरी १२५ अन्न आणि १२५ लाकडाला पडते. एका नाईटाला ६० अन्न लागते, म्हणजे दुसऱ्या सुधारणेत वाचलेले अन्न दोन नाईटांना पुरते. कॅसल युगात पाऊल टाकताच शत्रू ब्लडलाइन्स आणि शेती यांत अन्न ओतत असतो, तेव्हा फ्रँक्सचा खेळाडू तेच अन्न थेट पागेत नेतो. दोन-तीन मिनिटांची ही खिडकी आहे. ती मिटली की कॅसल युगापुरते तरी फ्रँक्स इतर घोडदळी सिव्हसारखेच एक.

उणिवा मात्र कायमच्या आहेत. अर्बालेस्टर हा सर्वांत वरचा धनुर्धर फ्रँक्सना मिळत नाही, बाणांची शेवटची सुधारणाही मिळत नाही. उंटस्वार नाहीत आणि हलक्या घोडदळातला वरचा हुसार हा टप्पाही नाही. लांबून मारा करणारी फौज हे त्यांचे काम नव्हे, आणि ती उणीव एकट्याने भरून काढता येत नाही. म्हणूनच संघाचा विचार करावा लागतो.

फ्लँक आणि पॉकेट

चार विरुद्ध चार सामन्यात, विशेषतः अरेबिया या मोकळ्या नकाशावर, एका संघाचे चौघे शेजारीशेजारी वसलेले असतात आणि समोर तशीच शत्रूची रांग असते. दोन टोकांवरच्या खेळाडूंना फ्लँक म्हणतात. त्यांची समोरच्या फ्लँकशी अगदी लवकर, फ्यूडल युगातच गाठ पडते. मधल्या दोघांना पॉकेट म्हणतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना साथीदार असल्याने त्यांच्यापर्यंत पोचायला शत्रूला वेळ लागतो. क्रिकेटच्या भाषेत फ्लँक म्हणजे नवा चेंडू अंगावर झेलणारे सलामीवीर आणि पॉकेट म्हणजे मागून येऊन धावगती वाढवणारे फलंदाज. सलामीवीराने मोठी धावसंख्या रचलीच पाहिजे अशी अपेक्षा नसते, पण तो लवकर बाद झाला तर मागच्याला आपला खेळ खेळायला मिळतच नाही.

या मांडणीमुळे टोकांना सहसा धनुर्धरांचे सिव्ह जातात. ब्रिटन्स हे त्याचे नेहमीचे उदाहरण. त्यांच्या पायदळी धनुर्धरांचा पल्ला कॅसल युगात एका चौकटीने आणि इम्पिरिअल युगात आणखी एकाने वाढतो. फ्यूडल युगात धनुर्धर स्वस्तात मिळतात आणि लांबून मारतात, त्यामुळे टोकावर तग धरायला ते बरे. मधल्या जागेवर घोडदळाचे सिव्ह बसवतात, कारण नाईट कॅसल युगाशिवाय मिळत नाहीत आणि तिथवर सुखरूप पोचायला पाठीमागची शांत जागा लागते. शिवाय घोडा जलद असल्याने मध्यातून तो दोन्ही टोकांना मदतीला जाऊ शकतो. फ्रँक्सना पॉकेटची जागा इतकी का शोभते, याचे उत्तर या दोन कारणांत आहे.

हा झाला करार. फ्लँक म्हणतो, मी पंधरा-सोळा मिनिटे तुला अंग चोरून गाव वाढवू देतो. पॉकेट म्हणतो, त्या बदल्यात मी नाईट घेऊन तुझ्याकडे येतो. हा करार कुणी लिहून देत नाही आणि अनोळखी खेळाडूंच्या सामन्यात त्याचा कुणी उच्चारही करत नाही, पण चारही जण तो गृहीत धरून खेळत असतात.

अंकगणिताचा अडसर

पॉकेटवर बसलेला फ्रँक्स खेळाडू नेमका कुठे फसतो, हे समजायला थोडे गणित करावे लागते. एक गावकरी तयार व्हायला २५ सेकंद आणि ५० अन्न लागते. फ्यूडल युगात जायला १३० सेकंद आणि कॅसल युगात जायला १६० सेकंद लागतात, आणि त्या काळात टाउन सेंटर गावकरी काढू शकत नाही. पंधरा मिनिटे म्हणजे ९०० सेकंद. त्यातून युगांचे २९० सेकंद वजा केले तर ६१० उरतात. त्यांत २४ गावकरी निघतात. सुरुवातीचे तीन धरून झाले २७, तेही टाउन सेंटर एक क्षणही रिकामे राहिले नाही तर. हे घड्याळ खेळातले आहे. सामान्य वेगात ते खऱ्या घड्याळाच्या १.७ पट पळते, म्हणजे पडद्यावरची १५ मिनिटे तुमच्या खोलीतल्या नऊ मिनिटांहूनही कमी असतात.

आता पागेचा हिशोब. नाईटाला ६० अन्न, ७५ सोने आणि ३० सेकंद लागतात. दोन पागा सलग चालवल्या तर मिनिटाला चार नाईट निघतात, म्हणजे मिनिटाला २४० अन्न आणि ३०० सोने. टाउन सेंटरमधून गावकरीही निघत राहायला हवेत. त्यांना मिनिटाला १२० अन्न. एक गावकरी शेतातून किंवा खाणीतून मिनिटाला ढोबळमानाने वीस-बावीस एवढेच आणतो. म्हणजे शेतावर अठराएक आणि सोन्यावर चौदाएक असे बत्तीसच्या आसपास गावकरी हवेत, आणि घरांसाठी व शेतांसाठी लाकूड तोडणारे त्याव्यतिरिक्त. अठरा शेते मांडायची तर प्रत्येकी ६० प्रमाणे १०८० लाकूड लागते. ते एका रात्रीत उगवत नाही.

हातात २७ गावकरी आणि कामे चाळिसांची, ही पॉकेटची रोजची अडचण. फुकटच्या शेती सुधारणांमुळे फ्रँक्सची अडचण जरा सुसह्य होते, पण ती नाहीशी होत नाही. म्हणून कुशल खेळाडू कॅसल युगाकडे जाण्याच्या त्या १६० सेकंदांत लाकडावरचे गावकरी हळूहळू सोन्याकडे वळवतो, पागा आधीच बांधून ठेवतो आणि युग बदलताक्षणी पहिल्या चार-सहा नाईटांपुरते अन्न-सोने हाताशी ठेवतो. पहिली तुकडी साठ्यातून निघते. दुसरी तुकडी निघेल की नाही, हे शेते किती लवकर मांडली यावर ठरते. पाहणाऱ्याला नाईटांची धडक दिसते. सामना मात्र त्याच्या चार मिनिटे आधी, कुणी न पाहिलेल्या लाकूडतोडीत बराचसा ठरून गेलेला असतो.

गाव वाढवावे की मदतीला जावे?

कॅसल युगात आणखी टाउन सेंटर बांधायची मुभा मिळते. एकाला २७५ लाकूड आणि १०० दगड लागतात, आणि सुरुवातीलाच प्रत्येकाजवळ २०० दगड असतात. तीन टाउन सेंटरमधून गावकरी काढत राहिले की गाव भराभर फुगते. या वाढीला खेळाडू 'बूम' म्हणतात. पॉकेटला याचा मोह पडतो, आणि त्यात तसे काही गैर नाही, कारण आज लावलेला गावकरी दहा मिनिटांनी कितीतरी पटीने परत देतो.

पण करार आठवा. पॉकेट बूम करत बसला आणि शत्रूच्या पॉकेटने बूम न करता सहा नाईट आपल्या फ्लँककडे पाठवले, तर आपल्या फ्लँकवर दोन खेळाडूंची फौज एकदम तुटून पडते. फ्यूडल युगापासून लढत असलेल्या फ्लँककडे मुळातच कमी गावकरी असतात. धनुर्धर सोन्याच्या खाणीपाशी मारले गेले, लाकूडतोडे टाउन सेंटरात दडून बसले, की दोन मिनिटांचे काम बंद म्हणजे जवळपास पाच गावकऱ्यांची वाढ बुडाली. मेलेल्यांचा हिशोब आणखी वेगळा. त्यानंतर पॉकेट वीस नाईट घेऊन निघाला तरी ते वरातीमागून घोडे. सामना चार विरुद्ध चार उरलेला नसतो, साडेतीन विरुद्ध चार झालेला असतो.

माझ्या मते फ्रँक्सच्या खेळाडूने इथे एक भेद लक्षात ठेवावा. वर सांगितलेली दोन-तीन मिनिटांची खिडकी हीच त्याची खास कमाई आहे. बूम सगळ्यांनाच करता येते, आणि निव्वळ अर्थव्यवस्था वाढवण्यात त्याच्या वरचढ ठरणारे सिव्ह आहेत. कॅसल युगात प्रवेश करताच ब्लडलाइन्सची तमा न बाळगता १२० प्राणगुणांचे नाईट बाहेर काढणे मात्र फारच थोड्यांना जमते. ती खिडकी बूममध्ये घालवली, तर फ्रँक्स निवडायचे कारणच राहत नाही. म्हणून पहिले चार-पाच नाईट जवळच्या झुंजत्या फ्लँककडे पाठवावेत, पागा चालू ठेवावी आणि दुसरे टाउन सेंटर त्यानंतर उभारावे. याला अपवाद एकच: दोन्ही फ्लँक शांत असतील, कुणी कुणाला दाबत नसेल, तर बूम खुशाल करावी.

मदतीला गेल्यावर नाईटांनी काय करायचे, हेही ठरलेले असते. सुटे धनुर्धर आणि हलके भालाफेके ही त्यांची शिकार, कारण बाणांविरुद्ध नाईटाचे चिलखत बरे असते आणि तो अंतर झटकन कापतो. शत्रूचे पाईकधारी भालाईत दिसले, की मात्र लढण्यात शहाणपण नसते. पाईकधारी ३५ अन्न आणि २५ लाकडात मिळतो, त्याला सोने लागत नाही, आणि घोड्यावर त्याचा घाव २२ ने जास्त बसतो. एका नाईटाच्या १३५ साधनांत असे दोन भालाईत उभे राहतात. अशा वेळी नाईटांनी बाजूला होऊन शत्रूच्या लाकूडतोड्यांवर जावे, आणि भालाईतांना साथीदाराच्या धनुर्धरांनी टिपावे. फ्रँक्सना न मिळालेला अर्बालेस्टर ब्रिटन्सकडे आहे, आणि सगळ्या सुधारणा झाल्यावर त्याचा पल्ला ११ पर्यंत जातो. ब्रिटन्सकडे पॅलाडिन नाहीत, ते फ्रँक्सकडे आहेत. दोघांच्या उणिवा एकमेकांत अशा बसतात की दोन्ही फौजा एका ठिकाणी असल्या तर शत्रूचे भालाईतही चालत नाहीत आणि धनुर्धरांवरचा उतारा असलेले भालाफेकेही. त्या वेगवेगळ्या ठिकाणी असल्या तर दोन्ही चालतात.

संघाला मिळणारी सवलत

प्रत्येक सिव्हला एक सवलत अशी असते की ती साऱ्या संघाला लागू होते. फ्रँक्सची सांघिक सवलत अगदी साधी आहे: संघातल्या नाईटांना थोडे अधिक लांबचे दिसते. याउलट हुणांमुळे संघातल्या सगळ्यांच्या पागा २० टक्के जलद चालतात आणि स्पॅनिशांमुळे संघाच्या व्यापाराला २५ टक्के अधिक सोने मिळते.

हूण साथीदार असला तर फ्रँक्सचा नाईट ३० ऐवजी २५ सेकंदांत निघतो. वाचायला छान वाटते. पण त्याच दोन पागांना आता मिनिटाला २४० ऐवजी २८८ अन्न आणि ३०० ऐवजी ३६० सोने हवे. तेवढे शेतावर आणि खाणीत नसेल तर पागा रिकामी उभी राहते आणि सवलत कागदावर. साथीदारांचे सिव्ह सामना सुरू होताना सगळ्यांना दिसतात. ते पाहून आपल्या गावकऱ्यांची वाटणी पहिल्याच मिनिटापासून थोडी बदलणे, ही एका पक्षात मुरलेल्या खेळाडूची खूण.

'फ्रँक्स तर नवशिक्यांचा सिव्ह. त्यात कसले कौशल्य?'

फ्रँक्स सोपे मानले जातात हे खरे. सुधारणा आपोआप मिळतात, नाईट थोडी चूक सहन करतात, आणि धनुर्धरांसारखी एकेका सैनिकाची बारीक हालचाल करावी लागत नाही. पण सोपेपणा हाताच्या चपळाईपुरता आहे. कुणाकडे, केव्हा आणि किती नाईट पाठवायचे हा निर्णय फ्रँक्स सोपे करून देत नाहीत. उलट नाईट टिकाऊ असल्याने ते उगाच कुठेतरी गुंतवून ठेवण्याची सवय लागते. शत्रूच्या तटबंदीवर दहा नाईट डोके आपटत आहेत आणि दुसरीकडे साथीदाराचे गाव जळते आहे, हे दृश्य खालच्या पातळीच्या सामन्यांत हमखास दिसते.

'मग चौघांनीही घोडदळच का घेऊ नये?'

तर्क सुचण्यासारखा आहे, आणि लोक तो करूनही पाहतात. अडचण दोन ठिकाणी येते. टोकावरच्या घोडदळी सिव्हला फ्यूडल युगात शत्रूच्या धनुर्धरांना आणि भालाईतांना तोंड द्यावे लागते, आणि तेव्हा त्याच्याकडे नाईट नसतात. त्यातून निभावले तरी कॅसल युगात शत्रूचे चौघेही निःशंकपणे पाईकधारी आणि उंटस्वार काढतात, कारण समोरून दुसरे काही येणारच नसते. शत्रूला दोन वेगळ्या फौजांसाठी तयारी करायला लावणे, यातच मिश्र संघाचा निम्मा फायदा असतो.

'पक्ष असमान ठेवणे हा अन्याय नाही का?'

सगळे सिव्ह सारखे केले तर समतोल साधेल, पण निवडीला अर्थ राहणार नाही. निर्माते अधूनमधून सवलतींचे आकडे वरखाली करत असतात आणि एखादा सिव्ह फारच वरचढ ठरू लागला तर त्याला आवर घालतात. त्याहून मोठी गोष्ट अशी, की सिव्हचे मोल नकाशा आणि जागा यांवरून ठरते. मोकळ्या अरेबियावर पॉकेट म्हणून हवेसे वाटणारे फ्रँक्स पाण्याने भरलेल्या नकाशावर सामान्य ठरतात, कारण घोडा जहाजावर चढून लढत नाही. एकास एक सामन्यातली क्रमवारी सांघिक सामन्याला जशीच्या तशी लावणे ही प्रेक्षकांची नेहमीची गफलत. एकट्याने खेळताना उणिवा झाकाव्या लागतात. संघात त्या साथीदाराकडे सोपवता येतात. त्यामुळे एकांगी सिव्ह संघात अधिक खुलतात.

'एकच सिव्ह घेऊन बसलो तर बाकीचे कधी शिकणार?'

माझा कल एकच सिव्ह आधी नीट शिकण्याकडे आहे. पाया सारखाच असल्याने गावकऱ्यांची वाटणी, शेते मांडण्याची वेळ आणि पागेचा हिशोब हे सगळे पुढे दुसऱ्या घोडदळी सिव्हलाही लागू पडते. फक्त ब्लडलाइन्सचे अडीचशे आणि शेतीचे पैसे वेगळे काढून ठेवावे लागतात, एवढाच बदल. उलट रोज नवा सिव्ह घेणाऱ्याला आपण उशिरा पोचलो ते सिव्हमुळे की आपल्या ढिलाईमुळे, हे कळायलाच मार्ग नसतो. मात्र फक्त पॉकेट खेळून चालत नाही. फ्रँक्स घेऊन कधी टोकाची जागा वाट्याला आली, की तिथे धनुर्धरांची हौस सोडून भालाफेके आणि भालाईत काढावेत, लाकडी कुंपण लवकर घालावे आणि शेजारच्या पॉकेटची वाट पाहत तग धरावा. पॉकेट उशिरा आला तर काय वाटते, हे तिथे चांगलेच समजते.

सामना लांबला तर

चाळीस-पन्नास मिनिटांच्या पुढे सामना गेला, की नकाशावरच्या सोन्याच्या खाणी आटू लागतात. ७५ सोन्याचा नाईट तेव्हा चैनीचा होतो. ज्यांच्याकडे हुसार आहेत ते केवळ अन्नावर वेगवान घोडदळ काढत राहतात. फ्रँक्सना ती सोय नाही, आणि त्यांचे हलके घोडदळ शेवटपर्यंत मधल्याच टप्प्यावर अडकते. बिनसोन्याच्या लढाईत त्यांचा भरवसा हॅलबर्डिअर या वरच्या भालाईतावर आणि भालाफेक्यांवर असतो, म्हणजे ज्या पागेच्या जोरावर आले ती पागा बाजूला.

सांघिक सामन्यात यावर उपाय आहे तो व्यापाराचा. बाजार बांधून त्यातून व्यापारी गाड्या काढल्या आणि त्या साथीदाराच्या बाजाराकडे पाठवल्या, की प्रत्येक फेरीला सोने मिळते. बाजार जितके दूर, तितके सोने जास्त, म्हणून बाजार नकाशाच्या मागच्या कडेला, एकमेकांपासून लांब बांधतात. एका गाडीला १०० लाकूड आणि ५० सोने लागते. पहिल्या काही फेऱ्यांत तेवढे वसूल होते, पण सोने संपल्यावर गाड्या घेण्याइतकेही सोने हाती नसते. म्हणून पॉकेटने खाण चालू असतानाच गाड्या काढायला सुरुवात करावी, जरी त्यामुळे त्या घटकेला दोन-चार नाईट कमी निघाले तरी. प्रत्येक खेळाडूच्या एकूण लोकसंख्येची मर्यादा २०० असते, त्यात गाड्याही मोजल्या जातात. तीस गाड्या म्हणजे फौजेतले तीस जण कमी, हा सौदा मान्य करावा लागतो.

साधने थेट साथीदाराला पाठवण्याचीही सोय आहे. बाजारातून पाठवताना त्यावर शुल्क कापले जाते आणि बँकिंग हे संशोधन केल्यावर ते पूर्ण जाते. पडलेल्या फ्लँकला पुन्हा उभे करायचे तर लाकूड पाठवावे, कारण त्यातून तो घरे, शेते आणि भालाफेके एकदम सुरू करू शकतो. सोने पाठवले तर तो दोन धनुर्धर काढेल आणि तेही गमावेल. अनोळखी साथीदाराला हे सगळे लिहून सांगायला वेळ नसतो. नकाशावर खूण टाकून आवाज करणारा संकेत तेवढा देता येतो. नाईट जिथे निघाले आहेत तिथे तो आधी द्यावा, म्हणजे फ्लँकचे धनुर्धर मागे न पळता जागीच थांबतात आणि दोन्ही फौजा एका ठिकाणी पडतात.